आबाची बुक्की

विमा कंपनीत मी गाड्यांचे क्लेम तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच फाईल उघडायची, हे मला नोकरीनं शिकवलं. नवरा म्हणतो, नोकरीनं काही शिकवलं नाही, तू मुळातच अशी, म्हणून तर नोकरी मिळाली. ते काही असो. आबाच्या जीपची वायरिंग जयंतीच्या मिरवणुकीत भर रस्त्यात जळाली, तेव्हा ती आपोआप जळाली यावर मी क्षणभरही विश्वास ठेवला नाही.

आबा म्हणजे माझा बाप. नांदेडकडचं गाव सोडून रेल्वेत लागला, हैदराबादेत तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्हा भावंडांना वाढवलं आणि रिटायर झाल्यावर तिथंच मागच्या गल्लीत छोटं घर बांधलं. जीप त्यानं एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. फोर-बाय-फोर, वर कॅनव्हास, दारं नावापुरती. पावसाळ्यात गावाकडचा रस्ता वाहून गेला की बाकीच्या गाड्या पुलाअलीकडे उभ्या राहायच्या, आणि आबा चारही चाकांना जोर देणारी दुसरी दांडी ओढून चिखलातून थेट वेशीत जाऊन हॉर्न वाजवायचा. त्याची ऐट अजून गावात सांगतात.

पण जीपचं खरं काम एप्रिलात. जयंती म्हटली की आमच्यात एकच. त्या संध्याकाळी जीपला निळं कापड, पुढं फुलांनी मढवलेला फोटो, चारी बाजूंनी दिव्यांच्या माळा आणि टपावर दोन भोंगे. मिरवणुकीच्या अगदी पुढं आमची जीप. आबा स्टिअरिंगवर, माय डाव्या सीटवर नवं पातळ नेसून, आणि मागं सगळी वस्ती. वर्षभर रेल्वेच्या वर्कशॉपात कुणाच्या तरी हाताखाली काम केलेला माणूस त्या संध्याकाळी सगळ्यांच्या पुढं असायचा. मला आबा आठवतो तो असाच, ताठ मानेचा.

जीपला एक खोड होती. दर मिरवणुकीत कुठं ना कुठं दिवे आणि भोंगे एकदम बंद पडायचे. इंजिन चालू, पण बाकी सगळं ठप्प. "लूज काँटॅक्ट," आबा म्हणायचा. माय म्हणायची, "हितं नका थांबू, गर्दी हाय, पुढं घ्या." अंधारातच जीप गल्लीच्या टोकापर्यंत जायची. तिथं आबा खाली उतरायचा, बाह्या वर करायचा आणि बॉनेटवर एक बुक्की हाणायचा. दिवे फक्कन लागायचे. पोरं शिट्ट्या मारायची, आबा आमदारासारखा हात हलवायचा. लोक तर पुढं पुढं वाट बघायला लागले की आज आबाची बुक्की कुठं बघायला मिळते.

त्या वर्षी मात्र ती चालली नाही.

दिवे गेले ते नेमके काकांच्या दारात. काका म्हणजे आबाचे दोस्त. दोघं एकाच तालुक्यातले, एकाच वर्षी रेल्वेत लागलेले, आणि तेव्हा काका जयंती कमिटीचे सचिव होते. पुढं वळणावर गर्दी इतकी दाटली होती की जीप हलेना. आबानं इंजिन बंद केलं आणि तिथंच उतरून बुक्की मारली. काही नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. पोरं हसायला लागली. काका फाटकाशी उभे होते; ते पुढं आले आणि एवढंच म्हणाले, "ढकला. पुढं न्या." गर्दी जरा हटली तशी पोरांनी जीप ढकलत चार घरं पुढं नेली. तिथं दिवे क्षणभर लागले, आणि डॅशबोर्डखालून भसकन धूर आला. मायचं पातळ थोडक्यात वाचलं. जीप रस्त्याच्या कडेला लावून मिरवणूक तिच्या बाजूनं हलगी वाजवत निघून गेली. आबा बॉनेटला टेकून उभा होता, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं.

आता मी क्लेम तपासणारी बाई. मी मनातल्या मनात फाईल उघडली. मिरवणुकीआधीच्या मीटिंगमध्ये जीपला आता आराम द्या, जनरेटरवाला ट्रक घ्या असं कोण म्हणालं होतं? काका. त्या दिवशी सकाळी माळा बांधायला जीपमध्ये कोण चढलं होतं? काका. गाडी कुणाच्या दारात बंद पडली? काकांच्या. आणि तीस-चाळीस वर्षांच्या दोस्ताची अशी फजिती झाल्यावर साधं पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही? त्यांनीच. काकांची बायको नुकतीच वारली होती, म्हणून आबा त्या दिवशी गप्प बसला. पण पुढं मी त्याच्या कानाशी लागले, आणि एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात, सगळ्यांसमोर तो काकांना म्हणाला, "माझ्या जीपच्या तारा तू तोडल्यास. ज्यानं कुणी हे केलं त्यानं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही."

काकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हात जोडले आणि चपला घालून निघून गेले. मला ते पुरेसं होतं. खरा माणूस भांडतो. गप्प बसतो तो चोर.

जीप वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहिली आणि दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद झालं. माय तेवढी मोलकरणीच्या हातून अधूनमधून तिकडं डबा पाठवायची. मी एकदा तो डबा वाटेतच पकडला आणि तिला म्हणाले, "शत्रूला मेथीची भाजी पाठवतेस?" तिनं माझ्या हातून डबा घेतला आणि परत मोलकरणीच्या हाती दिला. एकट्या पुरुषाची कीव येत असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढची जयंती जवळ आली तशी कमिटीनं ट्रक ठरवल्याची बातमी आली. आबा जेवणावरून उठला. "जीप पुढं राहील, नाहीतर मी मिरवणुकीत येणार नाही," म्हणाला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: जीप पूर्वीसारखी पुढं, आणि काकांनी तारा तोडल्याचा पुरावा. दोन्ही आणून देते, असं मी छातीठोकपणे सांगितलं. माय म्हणाली, "कशाला त्या तारा उकरता? ट्रक येतोय ना." मला वाटलं, म्हातारपणी तिला कटकट नको असेल.

मलकपेठेत रेसकोर्सच्या भिंतीपलीकडे एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. जीप दोरानं ओढत तिथं नेली. त्याच्यावरही माझा विश्वास नव्हता. जुन्या गाडीचे पार्ट काढून घेतात आणि कचरा बसवून देतात, हे मी फायलींमध्ये पाहिलेलं. म्हणून नेण्याआधी हॉर्न, वायपरची मोटर, डायनॅमो, हेडलाइट, सगळ्याला मी मरून रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला. नवी तार त्याच्याकडून न घेता गौलीगुड्याच्या दुकानातून स्वतः आणली, तीही दुकानदाराकडून टोक सोलून तांबं दाखवून घेऊन.

"मॅडम, ये हर चीज पे लाल बिंदी कैकू है?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पुरानी गाडी है, कंपनी से ऐसाच आता था," मी म्हणाले.

तो दात काढून हसला आणि चहा मागवायला गेला. दिवसाकाठी तो किती चहा प्यायचा ते त्यालाच ठाऊक. प्रत्येक चहाबरोबर त्याला एक फोन यायचा, आणि तो फोन घ्यायला लांब जायचा. मला त्याचाही संशय आला. काकांनी तर याला गाठलं नसेल?

मी सुट्टी काढून स्टूल टाकून बसले. डॅशबोर्ड उघडला आणि दोघंही वाकून आत बघायला लागलो. मूळ तारांचं कापडी वेष्टण कुजून गेलं होतं, आणि त्यांना ठिकठिकाणी सोलून दुसऱ्या तारा गुंडाळल्या होत्या. घरच्या बेलची गुलाबी तार. टेलिफोनची तार. पंख्याची वायर. एक जाड तार तर रेल्वेची होती, ती कुठून आली ते विचारू नका. दर जयंतीला कुणी ना कुणी कार्यकर्ता माळा जोडायला यायचा, मिळेल ती तार मिळेल तिथं पिळून वर टेप मारायचा, आणि दुसऱ्या दिवशी माळा सोडून न्यायचा. तार तशीच राहायची. दरवर्षीच्या भक्तीचा एकेक जोड. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती.

"ये अब तक कैसा चला, अल्लाह जाने," तो म्हणाला. "पूरा निकाल के नया डालना पडता."

मी म्हटलं, निकालो. काढलेला प्रत्येक तुकडा मी पिशवीत भरत होते. तोडल्याची खूण कुठं दिसते का, ते बघत होते. जळलेलं होतं, गंजलेलं होतं, उंदरांनी कुरतडलेलं होतं. पक्कडीनं कापलेलं काही दिसेना. माझा हिरमोड होत चालला होता.

आणि मग एक तार सापडली. काळी, क्लिपा मारून चॅसीच्या कडेनं सरळ नेलेली, जोडांना सोल्डरिंगचा डाग दिलेला, वर नळी चढवलेली. त्या सगळ्या गबाळात ही एकटीच नीटनेटकी. नीटनेटकेपणाचाच तर मला संशय येतो. क्लेमची फाईलसुद्धा फार व्यवस्थित असली की समजायचं, इथं पाणी मुरतंय. तार डाव्या सीटकडे जात होती. सीट उचलली. खालच्या पट्टीला, बसल्या जागी बोटं पोचतील अशा बेतानं, आतून एक पितळी बटण बसवलेलं.

इलेक्ट्रिशियननं बॅटरी जोडून ते खालीवर करून बघितलं. "ये बंद करे तो लाइट बंद, स्पीकर बंद, मगर इंजन चालू. किसी ने जान के लगाया मॅडम." मग दुसऱ्या टोकाचा जळका जोड दाखवून म्हणाला, "बंद करके फिर चालू करे, पूरा लोड एकदम आया, ये कमजोर जोड जल गया. बटण बहोत पुराना है मगर."

पुराना! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे एका वर्षाचं नाहीच हे. दरवर्षीचा तो लूज काँटॅक्टही काकांचाच. माळा जोडणारे कार्यकर्ते बदलायचे, पण त्यांच्याबरोबर काका दरवर्षी चढायचेच. वर्षानुवर्षं हा माणूस आमच्या ताटात जेवून आबाची फजिती करत आला होता. मला इतका राग आला, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद झाला, की बटण तिथंच काढायला लावून मी रिक्षा केली आणि थेट तारनाका गाठलं.

आबा खुर्चीत पेपर वाचत होता. माय आत भाकरी थापत होती. मी बटण त्याच्या पेपरावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कुठं सापडलं, कसं चालतं, किती जुनं. आबा ते बोटांनी चाचपत राहिला. मग उठून चपला शोधायला लागला. "चल. त्याच्या दारात जाऊन त्याच्या तोंडावर फेकतो."

"बसा," आतून आवाज आला. माय दारात उभी होती, हात पिठाचे. "ते माझं हाय."

मी म्हटलं, "माय, तुला कळलं नाही मी काय म्हणाले ते."

"समदं कळलं. माझ्या भावानं बसवून दिलं व्हतं, तुमी ड्यूटीवर असताना." मामा वायरमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते डाग दिलेले जोड आठवले.

"कशाला?" आबानं विचारलं.

"गावात मयताच्या घरापुढून हलगी वाजत नव्हती. वाजवणाऱ्याचा हात आपसूक थांबायचा. हितं कोण थांबतंय? ज्याच्या घरातलं माणूस चार दिसाखाली गेलं त्याच्या दारात भोंगे अन् दिवे. तुमाला म्हणलं व्हतं पहिल्या वर्षी. तुमी म्हणलात, जयंती हाय, रडगाणं नाही. मग म्या बटण लावून घेतलं. मयताचं घर आलं की बंद करायचे, पुढं गेलं की चालू."

आबा खाली बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग माझी बुक्की?"

"तुमी बुक्की मारली की म्या चालू करत व्हते."

मला हसू फुटलं. आबाचा चेहरा बघून ते तिथंच थिजलं. आपल्या हातात काही गुण आहे असं त्याला इतकी वर्षं खरंच वाटत होतं.

"अन् त्या दिशी तुमी नेमकं हिच्या काकूच्याच दारात बुक्क्या हाणत बसलात," माय म्हणाली. "म्या कशी चालू करू? माझ्या बहिणीसारखी व्हती ती. पुढं ढकलल्यावर चालू केलं तर जळालं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुमी इहारात म्हणून आलात, ज्यानं केलं त्यानं उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. म्या कुठं जाऊ?"

तव्यावरची भाकरी करपली, पण कुणीच उठलं नाही. शेवटी आबा उठला, शर्ट घातला, बटण खिशात टाकलं. "तू पण चल," मला म्हणाला. फेकून मारायला निघाला नव्हता, एवढं मला दिसत होतं.

काकांच्या घरी बाहेरच्या खोलीत काकूंचा फोटो होता. त्यापुढं मेणबत्ती होती आणि शेजारी आमच्या घरचा स्टीलचा डबा होता, धुऊन पालथा घातलेला. काकांनी आम्हाला बघून दार पूर्ण उघडलं. आबानं बटण टेबलावर ठेवलं. मी वाट बघत होते की आबा आधी काय बोलतो.

पण आधी काकाच बोलले. बटणाकडं बघून म्हणाले, "वहिनीचं हाय ते. कुठं सापडलं?"

आबानं माझ्याकडं बघितलं, मग काकांना विचारलं, "तुला ठाऊक व्हतं?"

"हीच तर सांगायची वहिनीला," काकांनी फोटोकडं मान वळवली. "मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दोघी हितं ओट्यावर बसायच्या. कोणत्या गल्लीत कुणाचं माणूस गेलं, कोणतं घर आलं की बंद करायचं. मी चाय प्यायला बाहेर आलो की गप व्हायच्या. पण एवढ्या वर्षात नवऱ्याला कळत नाही का?"

"मग बोलला का नाहीस? मी चार माणसांत तुला चोर म्हटलं."

काका हसले. "काय बोलू, दादा? मीटिंगीत मीच मोठेपणा केला व्हता. माझ्या घरी मयत झालं म्हणून काही बदलू नका, माझ्या दारात जोरात वाजलं पाहिजे, असं म्हणलो. जीप दारात आली तेव्हा वाटलं, आता छाती फुटते. अन् अंधार झाला." त्यांनी फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली. "वहिनीनं हिच्यासाठी दिवे घालवले. अन् त्याबद्दल मी वहिनीचं नाव सांगू? त्यापरीस चोर बरा."

माझी फाईल इतकी व्यवस्थित होती की त्यात एकही गोष्ट खरी नव्हती. मला लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही. काकांचे पाय धरले. ते म्हणाले, "नक्को नक्को, तू नोकरीच तशी करतीस."

आबा उठताना एकच बोलला. "जीपला आराम द्या म्हणत होतास ते?"

"दोन वर्षं जळक्या तारांचा वास येत व्हता तिला. तुमाला नाक हाय का?"

इलेक्ट्रिशियननं सगळी वायरिंग नवी घातली. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, हेडलाइटला रिले, माळांसाठी मागं स्वतंत्र सॉकेट, म्हणजे आता कुणी कार्यकर्ता तारा सोलणार नाही. ठिपक्यांचे सगळे पार्ट जागच्या जागी होते. ते पितळी बटण परत त्याच जागी बसवा म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता संशय घ्यायची पाळी त्याची होती.

ट्रक काकांनी रद्द केला नाही. तो मागं ठेवला. जीप पुढं होती. आबा स्टिअरिंगवर, माय डाव्या सीटवर, मी मागं. त्या वर्षी मयताचं घर एकच होतं, बाजारातलं. तिथं दिवे गेले, गल्लीच्या टोकाला आबा उतरला, बाह्या वर केल्या आणि पूर्वीच्याच ऐटीत बुक्की हाणली. दिवे लागले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबानं हात हलवला, पण तो लोकांकडं बघत नव्हता, काचेतून मायकडं बघत होता.

मग काकांची गल्ली आली. काकूंना जाऊन वर्ष उलटलं होतं, म्हणजे बंद करायचं कारण नव्हतं. मी मागून बघत होते. मायचा हात सीटखाली गेला आणि सगळं अंधारात बुडालं.

या वेळी वाट मोकळी होती, तरी आबानं जीप पुढं नेली नाही. फाटकासमोरच थांबवून तो खाली उतरला आणि बॉनेटशी हात बांधून उभा राहिला. लोक ओरडत होते, "आबा, बुक्की! बुक्की!" त्यानं हात उचलला नाही. गलका हळूहळू कमी झाला आणि मागची हलगीही थांबली. तेव्हा काका पुढं आले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला.

मायनं दिवे लावले.